बाटलीच्या माथी फोडलेलं खापर

"आमचे वडील देवमाणूस होते. दारूमुळे त्यांच्या अंगात राक्षस शिरला. त्या राक्षसानं एका संध्याकाळी आमच्या आईचा डावा कान कायमचा बंद केला. मी लहान होतो, पण त्या दिवशी घरभर भरलेला मोहाच्या दारूचा वास मला अजूनही झोपू देत नाही. त्या राक्षसाला आवरायला गेलेल्या माझ्या थोरल्या भावाच्या हातून बापाचा हात मोडला. मुलांनो, एका घरातून दारूनं आईचा कान नेला, बापाचा हात नेला आणि लेकरांचं बालपण नेलं."

हे भाषण माझ्या धाकट्या भावाचं. तो धुळ्यात मुख्याध्यापक होता. निवृत्त झाल्यापासून व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमांत, शाळाशाळांतून हे भाषण करत फिरतो. मुलं रडतात, शिक्षिका पदर डोळ्यांना लावतात, शेवटी शाल आणि नारळ मिळतो. इतकी वर्षं मी ते ऐकून घेतलं. गेल्या हिवाळ्यापासून मात्र त्याला एक शेपूट जोडलेलं आहे: "तोच माझा थोरला भाऊ आज म्हातारपणी उंच दांड्याच्या पेल्यातून तोच राक्षस घोट घोट पितो, आणि त्याची नात त्या राक्षसाच्या कारखान्यात नोकरी करते."

या भाषणातला कान खरा आहे. हात खरा आहे. वाससुद्धा खरा आहे. खोटं आहे ते या तिन्हींना एकत्र ओवणारं सूत, आणि सुताच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये.

हे मी आता का लिहितो तेही सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला उगाच अंदाज बांधत बसायला नको. माझी नात नाशिककडच्या एका वायनरीत वाईन तयार करण्याचं काम करते. तिचं लग्न ठरलेलं आहे. माझ्या भावानं निरोप धाडला आहे की पोरीनं ही नोकरी सोडली नाही तर धुळ्याचं एकही माणूस मांडवात पाय ठेवणार नाही. माझा मुलगा आणि सून घाबरून गप्प आहेत. आणि पोरीनं, जिला मी कधी कुणापुढे मान खाली घालताना पाहिलं नाही, मला सांगितलं की ती या महिन्याच्या अखेरीस राजीनामा देणार आहे. घरात माझं बोलणं कुणी पूर्ण ऐकून घेत नाही. छापलेलं मात्र लोक शेवटपर्यंत वाचतात, असा माझा अनुभव आहे.

मी उभी हयात जळगावच्या बाजारात रुईची प्रत ठरवण्याचं काम केलं. जिनातून, म्हणजे कापसाच्या कारखान्यातून, सरकी वेगळी होऊन बाहेर पडलेल्या रुईचा चिमूटभर पुंजका घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, तुटलेला भाग पुन्हा जोडून पुन्हा ओढायचा, आणि धाग्याची लांबी, ताकद, पिकलेपण सांगायचं. मोठमोठ्या पेढ्यांचे शेठ माझ्या अंगठ्यावर विसंबून मालाचे सौदे करत. त्यामुळे कुणी पेला नाकाशी धरून "यात जांभूळ आहे, ओली राख आहे" असं म्हणालं, तर इतर म्हाताऱ्यांसारखा मी खो-खो हसू शकत नाही. माणसाचं एखादं इंद्रिय वर्षानुवर्षं घासून किती तीक्ष्ण होतं ते मला ठाऊक आहे. पण त्याचबरोबर हेही ठाऊक आहे की रुई बघताना मी कपाळाला आठ्या घालायचो, पुंजका उन्हात धरायचो, दीर्घ श्वास सोडायचो, ते प्रत कळावी म्हणून नव्हे. प्रत मला पहिल्या ओढीलाच कळलेली असे. आठ्या समोरच्या दलालाचा धीर सुटावा म्हणून होत्या.

वाईनच्या गूढपणातही हे दोन पदर आहेत, असं माझं ठाम मत आहे. एक पदर ज्ञानाचा आणि दुसरा आठ्यांचा. ज्यांना हे दोन वेगळे करता येत नाहीत ते एक तर वाईनच्या पाया पडतात नाही तर तिच्यावर थुंकतात.

पहिली बाटली नातीनं एका मे महिन्यात कुणाच्या तरी हाती पाठवली. बाटलीवर लिहिलं होतं की खोलीच्या तापमानाला प्यावी. मी सूचना पाळणारा माणूस आहे. बाटली खोलीतल्या कपाटावर ठेवली. आठवड्याभरानं पाहतो तर बूच आपोआप वर आलेलं आणि लेबलावर लाल ओघळ. चाखलं तर उकळलेल्या चिंचेचं पाणी. मी तिला फोन लावला.

"तुझी वाईन मेली."

"आबा, कुठे ठेवली होती?"

"खोलीत. तुम्हीच लिहिलंय ना?"

ती इतकी हसली की मला रिसिव्हर कानापासून लांब धरावा लागला. "अहो आबा, ती खोली थंड देशातली. तिथल्या लोकांचं वाक्य आम्ही तसंच उचललं."

"मग लेबलावर खोलीचा पत्ता लिहा. जळगावच्या खोलीत मे महिन्यात मेणबत्ती उभी राहत नाही, कमरेत वाकते. तिथे तुझ्या द्राक्षांनी काय ताठ राहावं?"

हा पहिला खून नियम पाळल्यामुळे झाला, हे मी तिला आजही ऐकवतो.

दुसऱ्या खेपेला ती स्वतः आली. बाटलीला ओलं फडकं गुंडाळून ती माठाशेजारी ठेवली, फडकं सुकलं की पुन्हा भिजवायची. जेवणाआधी तिनं पेल्यात दोन बोटं वाईन ओतली आणि म्हणाली, "ही ड्राय आहे."

"म्हणजे?"

"कोरडी."

"पातळ पदार्थ कोरडा कसा असेल? काहीतरीच."

"आबा, भांडू नका. आधी प्या."

मी घोट घेतला आणि कुणीतरी आतून दोन्ही गालफडं चिमट्यात धरून आवळल्यासारखं झालं. कच्च्या केळ्याचा चीक लहानपणी जिभेला लागला होता तेव्हा असंच झालं होतं. तोंडात पाणी असून तोंड कोरडं. मी पेला आपटला. "हे माणसानं पैसे देऊन का करून घ्यावं?" ती शांतपणे म्हणाली, "पहिला घोट मारतोच. दुसरा घ्या." दुसऱ्यानं कमी मारलं. तिसऱ्याला मी तयारीत होतो, आणि तयारीत असलेल्या माणसाला मग त्या तुरटपणाच्या मागे उभी असलेली जांभळं दिसली. मला राग आला. कारण ती खरोखरच तिथे होती.

त्या रागातच मी शिकलो. बायकांसारखं हळुवारपणे नाही, तालमीत उतरल्यासारखा. ती म्हणे यात पेरू आहे, मी म्हणे नाही. ती म्हणे हिला लाकडाचा वास आहे, मी विचारी, कुठल्या लाकडाचा? बाभळीचा की निंबाचा? तिला सांगता आलं नाही की मी जिंकलो. एकदा एका पांढऱ्या वाईनला मला भिजलेल्या सरकीचा वास आला. जिनाच्या आवारात पावसाची सर येऊन गेल्यावर ढिगातून जो येतो तोच. मी सांगितलं तेव्हा वाटलं ती हसेल. तिनं पेला हिसकावून घेतला, डोळे मिटून हुंगला आणि म्हणाली, "आबा, हे आमच्याकडे कुणाला सुचलंच नसतं. पण आहे."

शेवभाजीबरोबर मात्र लाल वाईन पिऊ नये. हे मी कुणाच्या पुस्तकातून सांगत नाही. आमच्या शेवभाजीच्या तर्रीवर तो तुरट घोट पडला की तोंडात जाळ होतो, डोळ्यांतून पाणी येतं आणि दोन्ही चवी एकमेकींचा गळा दाबून मरतात. त्या दिवशी मी ताट सरकवून उठलो होतो. पोरगी म्हणाली, "हे दोघं तुमच्यासारखे आणि नानांसारखे आहेत. दोघंही चांगले, पण एका ताटात नको." नाना म्हणजे तिच्या तोंडी माझा धाकटा भाऊ.

एवढंच माझं व्यसन. आठवड्यातून एखादा पेला, जेवणासोबत, दिवसाउजेडी, दार उघडं ठेवून.

आता असोद्याच्या शेतावर काय झालं ते सांगतो, कारण भावाच्या भाषणातलं नवं शेपूट तिथून उगवलेलं आहे. हिवाळ्यात भरीत-पार्टी करायची आमच्या घरची रीत आहे. माझ्या पुतण्याच्या, म्हणजे या भावाच्याच मुलाच्या सासुरवाडीची तिथे केळीची बाग आहे. कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवून त्यांवर हिरवी वांगी भाजलेली होती, बायका ती लाकडी उखळात ठेचत होत्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा ढीग पडला होता. नातीनं ओल्या फडक्यातून बाटली काढली.

"हे काय शे?" धाकट्यानं विचारलं. एरवी तो शुद्ध मराठी बोलतो. त्याची अहिराणी बाहेर आली की समजावं, पारा चढला.

"वाईन आहे, नाना. भरताच्या धुरकट चवीबरोबर कशी लागते ते आबांना दाखवायचंय."

पुतण्या थट्टेखोर. तो भाकरी मोडता मोडता म्हणाला, "नाना, घाबरू नका. तुम्ही जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव घेता ना, त्याची ही थोरली बहीण."

सगळे हसले. मीही हसलो, आणि जरा मोठ्यानं हसलो, हे मान्य करतो. द्राक्षासवात द्राक्षंच आंबवलेली असतात आणि मद्यही असतं, हे वैद्यालाही ठाऊक आहे आणि मुख्याध्यापकालाही ठाऊक असायला हवं.

धाकटा उठला. त्यानं पोरीच्या हातून बाटली ओढली. "या घरमा एक कान गया, एक हात गया! तुले लाज नही वाटस का?" हे तो तिला म्हणत होता की मला, कळायला वेळच मिळाला नाही. त्यानं बाटली उचलून विहिरीच्या दगडी कठड्यावर आपटली.

काच सगळीकडे उडाली. नात खाली बसली होती. एक लांबट तुकडा तिच्या पायाच्या नळीत शिरला आणि रक्त एकदम भळाभळा आलं. मातीवर वाईन कुठली आणि रक्त कुठलं, सांगता येईना. बायका ओरडू लागल्या. पोरगी ओरडली नाही. ती त्या तुकड्याकडे बघत बसली.

मी भावाची कॉलर धरली. आधी उघड्या हातानं मारलं, मग मुठीनं. त्याचा चष्मा निखाऱ्यांत पडला. त्यानं भाकरीची परात उचलून माझ्या डोक्यात घातली आणि आम्ही दोघं राखेत पडलो. दोन म्हातारी माणसं, एकाच्या गुडघ्यात वाटी बसवलेली, दुसऱ्याच्या छातीत स्प्रिंग टाकलेली, एकमेकांचे गळे आवळून लोळत होती. त्यानं माझ्या मनगटाचा चावा घेतला, इतका की त्याची कवळी माझ्या हाताला लटकून निघाली. तरी तो ओरडतच होता, "मना बाप देवमाणूस व्हता!"

"तुना बाप तोच मना बाप!" मी ओरडलो. "माले नको सांगू!"

पुतण्यानं आणि बागेतल्या गड्यांनी आम्हाला ओढून वेगळं केलं. पोरीला मोटारीत घालून जळगावला नेलं, टाके पडले, ती आता नीट चालते.

भाऊ सगळीकडे सांगतो की थोरला पिऊन माझ्या अंगावर आला. त्या दिवशी कुणाच्याही पोटात एक थेंब गेलेला नव्हता. कठड्यापाशी पडलेल्या बाटलीच्या मानेत बूच तसंच घट्ट बसलेलं होतं. ती मारामारी दोन पूर्ण शुद्धीतल्या माणसांनी केली, आणि त्यातला पहिला फटका, बाटलीचा, व्यसनमुक्तीच्या वक्त्यानं मारला.

माझ्या पाठीवर, उजव्या खांद्याखाली, एक खोबण आहे. रुईच्या गाठी ओढायच्या लोखंडी आकड्याची. मी एका दलालाची रुई मेलेली आहे, म्हणजे न पिकलेली आहे, असं म्हणालो आणि पाठ वळवली. त्यानं आकडा घातला. तो माणूस सुपारीही खात नसे. सकाळी देवळात जाऊन कपाळाला गंध लावून आला होता. जिनाच्या आवारात मी फुटलेली डोकी पाहिली आहेत, तुटलेली बोटं पाहिली आहेत, एका माणसाला दुसऱ्यानं रुईच्या ढिगात तोंड दाबून धरलेलं पाहिलं आहे. ती सगळी भर दुपारची, वजनकाट्याशेजारची, शुद्धीतली कामं होती.

दारू निरपराध आहे असं माझं म्हणणं नाही. तसं म्हणणारा खोटारडा समजावा. हातभट्टीनं ओस पडलेली घरं मी आमच्या धरणगावातही पाहिली आहेत आणि धुळ्यातही. ज्याला थांबता येत नाही त्यानं बाटलीच्या वाऱ्यालाही उभं राहू नये, मग ती मोहाची असो की महागड्या द्राक्षांची. माझा वाद एवढाच आहे की एका विशिष्ट संध्याकाळचा गुन्हा चुकीच्या आरोपीवर लादला गेला आहे, आणि त्याची शिक्षा माझी नात भोगते आहे.

टाके काढून आल्यावर ती माझ्या खाटेवर येऊन बसली होती.

"आबा, मी सोडते नोकरी."

"धुळेवाल्यांच्या धमकीनं?"

"धमकीनं नाही. नाना खरं बोलत असतील तर? आपल्या घरात एकदा हे होऊन गेलंय. मी बाटल्या भरते, त्या कुठल्या घरात जातात मला काय माहीत? कुणीतरी ती पिऊन उठेल आणि बायकोच्या कानावर मारेल. तेव्हा तो हात कुणाचा?"

"ज्याचा असेल त्याचा."

"तुम्ही असं म्हणणारच. तुम्हाला जिंकायचं असतं."

मला जिंकायचं असतं हे खरं आहे. पण या वेळी तिला उत्तर द्यायचं तर मला आईला दिलेला शब्द मोडावा लागणार होता. तो मी आता मोडतो. आई जाऊन बरीच वर्षं झाली. तिनं शब्द मागितला तो नवऱ्यासाठी, आणि आज तो पणतीच्या मुळावर आला आहे. माझ्या भावाला बाप वाचवायचा आहे, मला पोरगी.

आधी वासाचं सांगतो. भाऊ म्हणतो त्या संध्याकाळी घर मोहाच्या दारूच्या वासानं भरलं होतं. त्याच्या नाकावर माझा पूर्ण विश्वास आहे. नातीनं मला शिकवलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच, की नाक सहसा खोटं बोलत नाही. पण वास आधी आला की नंतर, हे नाकाला कळत नाही. ते काम डोक्याचं, आणि माझ्या भावाचं डोकं त्या वेळी पाच वर्षांचं होतं.

बापाचा हात मोडल्यावर गावाबाहेरच्या वस्तीतून हाडवैद्याला बोलावलं. तो आला, त्यानं हाड ओढून बसवलं, बाप गुरासारखा हंबरला. मग त्यानं आपल्या पिशवीतून बाटली काढली. मोहाची दारू. ती हळदीत कालवून त्यानं खांद्यापासून मनगटापर्यंत चोळली, बांबूच्या कामट्या बांधल्या, वर फडकं गुंडाळलं, आणि रोज सकाळी ते फडकं त्याच दारूनं भिजवायला सांगितलं. आई भिजवत असे. एका कानानं ऐकत, वाकून, रोज. धाकटा बापाच्या त्या हाताशेजारी झोपे. तो वास त्याच्या गोधडीत मुरला, केसांत मुरला, आयुष्यभरासाठी मुरला. वास खरा आहे. तो माराच्या आधीचा नव्हता, नंतरचा होता. एवढा एक क्रम चुकला, आणि त्या चुकलेल्या क्रमावर माझ्या भावानं किती शाली मिळवल्या!

आता मार. वडील धरणगावच्या एका जिनात गाठी बांधणाऱ्या टोळीचे मुकादम होते. ते पीत, हे खरं. बाजाराच्या दिवशी पीत, पगाराला पीत. पिऊन मारतही. पण प्यायलेल्या माणसाचा हात अडखळतो, निम्मे फटके भिंतीला लागतात, आणि आई आम्हाला घेऊन शेजारी निसटत असे. त्या संध्याकाळी शेठच्या मुनिमानं त्यांची मुकादमी काढून घेतली होती. ते घरी आले. पायताण काढून सरळ रेषेत ठेवलं. पाय धुतले. पाटावर बसले. आईनं विचारलं, "मंग आते काय कराना?" म्हणजे, आता काय करायचं. यात टोमणा नव्हता. ती बाई घाबरून विचारत होती.

जिनातून आणलेली, गाठीला आवळायची लोखंडी पट्टी कोपऱ्यात उभी असे. ती त्यांनी घेतली, दाराची कडी आतून लावली, आणि मारायला लागले. ओरडले नाहीत. शिवी दिली नाही. प्रत्येक फटका जिथे मारायचा तिथेच बसत होता. पाठ, दंड, पुन्हा पाठ, आणि मग पट्टी आडवी कानावर. आईच्या कानातून रक्त आलं आणि ती एका बाजूला कलंडली, तरी हात वर गेला. मी सोळा वर्षांचा होतो आणि त्याच जिनात कामाला होतो, माझ्या अंगात गाठी उचलायचं बळ होतं. मी तो वर गेलेला हात दोन्ही हातांनी धरला, दाराच्या चौकटीच्या कडेवर दाबला आणि सगळं अंग टाकून खाली ओढला. वाळली काडी मोडते तसा आवाज आला. मी आवरायला गेलो नव्हतो, आणि माझ्या हातून काही चुकून झालेलं नाही. मी तो हात मोडायच्या इराद्यानं मोडला, आणि आज पुन्हा मोडीन.

जमिनीवर पडलेली आई पहिलं काय म्हणाली? "सोड त्यासले." म्हणजे, त्यांना सोड.

मग शेजारच्या बायका आल्या. आईनं रक्ताचा पदर कानाला दाबून धरला आणि त्यांना सांगितलं, "पिऊन होते. भान नव्हतं त्यांना." मला तिनं शपथ घातली की कुणी विचारलं तर मीही हेच सांगायचं. तिची हिशेबी चतुराई मला तेव्हा कळली नाही, आज कळते. आपल्याकडे बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला एक सबब आयती असते. पिऊन होता म्हटलं की लोक बाटलीला शिव्या घालतात आणि माणसाला दुसऱ्या दिवशी चहा पाजतात. आईला तो चहा मिळवून द्यायचा होता, कारण तिला त्याच माणसासोबत त्याच गल्लीत जन्म काढायचा होता. भावाचं भाषण हे मुळात आईचं भाषण आहे. त्यानं त्यात फक्त राक्षस घातला.

म्हणून माझ्या नातीनं नीट वाचावं. तू भरलेल्या बाटलीनं कुणाचा हात उचलला जाईल, ही काळजी तू जरूर कर. चांगल्या माणसानं करावीच. पण आपल्या घरातल्या त्या एका हाताचं पाप तुझ्या बाटलीवर घेऊ नकोस, आणि राजीनामा तर मुळीच देऊ नकोस. धुळ्याचे लोक लग्नाला न आले तर पंगतीत तेवढी जागा मोकळी होईल.

आणि माझ्या भावाला माझं सगळं खोटं वाटत असेल, तर त्यानं एकच गोष्ट तपासावी. आईची ती सबब ऐकून शेजारणींनी एकमेकींकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. त्या दिवशी श्रावणी सोमवार होता. आमचे वडील श्रावण कडक पाळत, आणि दिव्याच्या अमावास्येपासून त्यांनी दारूच्या थेंबाला हात लावलेला नव्हता.